एका घरातल्या जावा

गेल्या गुरुवारी आमच्या ऑफिसात तीन तास मीटिंग झाली. विषय एका ओळीचा होता: बिलिंगचं नवं काम कोणत्या भाषेत लिहायचं? भाषेवरून भांडायला मराठी माणूस कधीही तयार असतो. पण इथे भाषा होत्या जावा, कोटलिन आणि स्काला. तीन तासांत समोसे दोनदा आले. निर्णय एकदाही आला नाही.

घरी येऊन हे सांगितलं, तर आईनं त्यातला एकच शब्द पकडला. "कुणाच्या जावा भांडल्या?" मी हसलो. मग जेवता जेवता लक्षात आलं, की अकरा इंजिनिअरांना तीन तासांत जे धड मांडता आलं नाही, ते हिनं एका प्रश्नात मांडलं. भांडण जावांचंच आहे. घर एक, चूल एक आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच: या घरात स्वयंपाक माझ्या पद्धतीनं झाला पाहिजे.

* * *

आधी घर दाखवतो.

अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत १९९१ साली जेम्स गॉसलिंग आणि मंडळी एका नव्या प्रकल्पाला लागली. त्यातून एक भाषा जन्मली. गॉसलिंगच्या ऑफिसबाहेर ओकचं झाड होतं, म्हणून तिचं नाव ओक ठेवलं. ते नाव आधीच दुसऱ्या कुणीतरी नोंदवलेलं निघालं. मग दुसरं बारसं झालं आणि कॉफीवरून जावा ठरलं. १९९५ मध्ये ती लोकांसमोर आली.

भाषेपेक्षा मोठी करामत होती ती तिच्यासाठी बांधलेल्या घराची. त्याचं नाव जावा व्हर्च्युअल मशीन, धंद्यातल्या तोंडी जेव्हीएम. तुम्ही लिहिलेला प्रोग्राम थेट कॉम्प्युटरच्या पुढ्यात जात नाही. आधी त्याचा बाइटकोड होतो आणि तो बाइटकोड जेव्हीएम चालवते. खाली विंडोज आहे की लिनक्स, ही तिची डोकेदुखी.

ही जेव्हीएम म्हणजे सासू. पण टीव्हीवरच्या मालिकेतली नव्हे. कुणी रांधलं हे ती विचारत नाही, आलेलं ताट तपासते. ताटात वावगं दिसलं तर घास घ्यायच्या आधीच परत पाठवते. व्हेरिफायर नावाची तिची नजर त्याच कामाला असते. उष्टी भांडीही, म्हणजे वापरून झालेली मेमरी, तीच आवरते, सुनांना त्यात हात घालावा लागत नाही. फक्त केव्हा आवरायची, ते तिच्या मनावर. आणि कधी कधी आवरता आवरता सगळ्यांना हातातलं काम सोडून उभं करते. एखादं ॲप क्षणभर थबकलं की लगेच नेटवर्कला शिव्या घालू नका. आत भांडी घासणं चाललेलं असू शकतं.

या ताटाची एक खूणही आहे. बाइटकोडच्या प्रत्येक फाइलचे पहिले चार बाइट ठरलेले. हेक्साडेसिमलमध्ये वाचले तर अक्षरं दिसतात: सी ए एफ ई, बी ए बी ई. कॅफे बेब! आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर 'श्री' घालतात, तसा हा जेव्हीएमचा श्री. जावात लिहा, स्कालात लिहा, क्लोजरमध्ये लिहा, फाइलच्या माथ्यावर हाच. सासू आधी श्री बघते, मग आवृत्तीचा नंबर, मग मजकूर.

म्हणजे या घरात यायला जावाच असलं पाहिजे, अशी अट कधी नव्हतीच. श्री घालता आला की उंबरा ओलांडता येतो. आणि बाहेरच्यांना हे कळायला फार वेळ लागला नाही.

* * *

थोरलीपासून ओळख करून देतो.

थोरली जाऊ जावा स्वतः. कष्टाळू, भरवशाची आणि बडबडी. पडद्यावर एक ओळ छापायची तरी आधी क्लास, मग पब्लिक, मग स्टॅटिक, मग व्हॉइड, मग मेन. लग्नपत्रिकेसारखं. कुलदैवत, आजोबा, काका आणि आत्या संपल्या की मग कुठे नवरीचं नाव. पुण्यात क्लासच्या पाट्यांवर 'कोअर जावा' आणि 'ॲडव्हान्स्ड जावा' असे दोन शब्द वर्षानुवर्षं एकाखाली एक आहेत, आणि त्या पाट्यांखालून जिने चढलेली अर्धी हिंजवडी आज घरांचे हप्ते भरते आहे. थोरलीला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मग आली ग्रूव्ही, २००३ साली. जेम्स स्ट्रॅकननं आणलेली. मोकळीढाकळी, नेमनिष्ठेचा कंटाळा असलेली. प्रकार सांगितलेच पाहिजेत असं नाही, अर्धविराम घातलेच पाहिजेत असं नाही. पुढे २००९ मध्ये याच स्ट्रॅकननं लिहून टाकलं, की २००३ मध्ये स्कालाचं पुस्तक कुणी हातात दिलं असतं तर ग्रूव्ही बहुधा मी केलीच नसती. जन्मदात्यानंच असं म्हटल्यावर सासरचे काय बोलणार? २०१५ मध्ये तिच्यावर पैसे खर्च करणाऱ्या कंपनीनं हात काढून घेतला आणि अपाची फाउंडेशननं तिला आसरा दिला. आजही ग्रेडल आणि जेन्किन्स या दोन ठिकाणी ती रोज पाणी भरते. ते पाणी पिणाऱ्या अनेकांना तिचं नाव ठाऊक नाही.

तिसरी स्काला. माहेर स्वित्झर्लंडातलं, लोझानची तंत्रविद्या संस्था. वडील प्रोफेसर मार्टिन ओडरस्की. ही २००४ मध्ये आली. गंमत अशी, की थोरलीच्या कंपायलरचा पायाही याच ओडरस्कींच्या कामातून आला होता. जावाच्या पाचव्या आवृत्तीतली जेनेरिक्स आली तीही त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या आधीच्या प्रयोगातून. म्हणजे थोरलीची चूल ज्यानं बांधून दिली, त्यानंच पुढे आपली लेक त्याच घरात दिली. लेक हुशार, पीएचडी झालेली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं डाळ-तांदळाच्या डब्यांवर संस्कृत लेबलं लावली.

चौथी क्लोजर. २००७ मध्ये रिच हिकीनं आणलेली. हिचं मूळ घराणं लिस्प, १९५८ सालचं, म्हणजे घरातल्या सासूपेक्षाही जुनं. ओळीच्या शेवटी कंस, कंसाच्या शेवटी कंस, त्याच्याही शेवटी कंस. एकदा मांडलेली वस्तू ती हलवू देत नाही. बदल हवा तर नवी घ्या, जुनी जागच्या जागी राहील. लोक हसतात. तिकडे ब्राझीलमधल्या नूबँकेनं आपला कारभार तिच्यावर उभा केला आणि २०२० मध्ये तिच्या माहेरची कंपनीच विकत घेतली. हसणारे कुठल्या बँकेत आहेत, कल्पना नाही.

पाचवीचं नाव सिलोन. रेड हॅट कंपनीची. थोरली कॉफीच्या बेटाची, म्हणून ही चहाच्या बेटाची. पहिली आवृत्ती २०१३ मध्ये आली. पुढे तिला एक्लिप्स फाउंडेशनकडे पाठवलं आणि तिथे ती थंडावली. चहा चांगला होता म्हणतात. प्यायला कुणी आलं नाही.

आणि सहावी कोटलिन. जेटब्रेन्सच्या सेंट पीटर्सबर्गमधल्या मंडळींनी २०११ मध्ये जाहीर केलेली, २०१६ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेली. नाव पुन्हा एका बेटाचं. सेंट पीटर्सबर्गजवळच्या फिनलंडच्या आखातातल्या या बेटावर कॉफी पिकत नाही आणि चहाही नाही. तिथे क्रॉनश्टाट हा आरमारी किल्ला आहे. ही आली तीच बेतानं. थोरलीच्या डब्यांना हात लावला नाही, उलट म्हणाली, "ताई, तुम्ही अर्धी भाकरी थापा, उरलेली मी थापते. एकाच तव्यावर भाजू." जावाच्या फाइलशेजारी कोटलिनची फाइल ठेवा, एक दुसरीला बिनतक्रार हाक मारते. घरात टिकायचं कसं, हे तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

* * *

आता पुन्हा मीटिंगमध्ये.

आमच्या आर्किटेक्टनं एक्सेल उघडलं. रकाने भाषांचे, ओळी निकषांच्या. वेग, सुरक्षितता, माणसं मिळण्याची शक्यता, शिकायला लागणारा वेळ आणि सगळ्यात खाली 'डेव्हलपर हॅपिनेस'. प्रत्येक निकषाला वेटेज. हिरवं, पिवळं, लाल. दिसायला अगदी शास्त्रीय.

बेरीज केली, जावा पहिली आली. खोलीत अस्वस्थ शांतता. आर्किटेक्ट म्हणाला, "हॅपिनेसला आपण कमी वेटेज दिलंय का?" दहाचे पंधरा केले. तरी जावाच. वीस केले, फरक कमी झाला. पंचवीस केल्यावर कोटलिन पुढे आली आणि सगळ्यांचे चेहरे निवळले. मग स्कालावाला म्हणाला, "एक्स्प्रेसिव्हनेस नावाची ओळच नाहीये यात." ओळ घातली. स्काला वर आली. असा तो तक्ता अर्धा तास झोपाळ्यासारखा झुलत होता. एक्सेलवर माझा फार विश्वास आहे. तुमच्या मनात आधीपासून असलेलं उत्तर ते दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत अचूक काढून देतं.

मॅनेजरचा प्रश्न वेगळा: "मार्केटमध्ये कशाची माणसं स्वस्त मिळतात?" प्रामाणिक माणूस. क्लायंटचा फोन चालू होता, त्याचा प्रश्न त्याहून सोपा: "बाकीचे काय वापरतात?" टीममधला सर्वांत नवा मुलगा काहीच बोलला नाही, पण पुढच्या नोकरीच्या जाहिरातीत कोणती भाषा असते, हे त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. त्याला दोष देत नाही. रेझ्युमेत नवी ओळ पडणार असेल तर पन्नाशीतल्या माणसालाही नवी भाषा एकाएकी सुंदर दिसू लागते.

मधल्या वेळात मी समोसे खात होतो. जावांचं हे रूपक सुचलं ते त्या रात्री जेवताना, आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पिताना टीममधल्या एकीला ते ऐकवलं. तिनं शांतपणे विचारलं, "आणि यात दीर कुठे असतात?"

"म्हणजे?"

"काल मीटिंगमध्ये बसले होते ते. चूल कुठली घ्यायची ते दीर ठरवतात. फुंकायला आम्ही."

चहा गरम होता, म्हणून बराच वेळ मला उत्तर देता आलं नाही.

* * *

ती 'फुंकायला' म्हणाली तेव्हा मला माझी रात्र आठवली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, दुसरी कंपनी. तिथला आर्किटेक्ट एका परिषदेहून परतला तो स्कालाच्या प्रेमात पडूनच. माणूस खरोखर बुद्धिमान. त्यानं हिशेब जुळवणारं एक अख्खं काम एकहाती स्कालात लिहिलं. जिथे थोरलीला चारशे ओळी लागल्या असत्या, तिथे त्याला साठ पुरल्या. डेमोला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आठ महिन्यांनी त्यानं पेपर टाकले. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड. त्यातले बरेच दिवस शिल्लक रजेत गेले, उरलेल्यात केटी झाली. केटी म्हणजे ज्ञान हस्तांतर, हे नाव ज्यानं ठेवलं त्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार. चार दुपारी, एक व्हाइटबोर्ड, आणि दर दहा मिनिटांनी "हे तर उघडच आहे". आम्ही माना डोलावल्या. कीर्तनातही डोलावतो.

मग एका महिनाअखेरीला रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. बेरीज जुळत नव्हती. मी डोळे चोळत फाइल उघडली. गुन्हेगार ओळ सापडली. शून्य, मग तिरकी रेघ, मग दोन टिंबं, मग यादीचं नाव, पुढे कंसात दोन अंडरस्कोर आणि मध्ये अधिकचं चिन्ह. एवढंच. दारातली ठिपक्यांची रांगोळी असावी तसं. तिरकी रेघ आणि दोन टिंबं म्हणजे काय, हे गूगलला विचारलं. गूगलनं चिन्हं गाळली आणि उरलेल्या शून्यावर मला शून्याचा इतिहास दाखवला.

पहाटे चारला उलगडा झाला: यादीतल्या आकड्यांची डावीकडून बेरीज. शून्यापासून सुरुवात करून एकेक मिळवत जा. पहिलीतल्या मुलाला मणी मोजायला शिकवतात ते. पुढे २०१९ च्या २.१३ आवृत्तीत खुद्द स्कालावाल्यांनीच हे चिन्ह वापरू नका असं सांगितलं. म्हणजे त्या रात्री मी एकटाच मठ्ठ नव्हतो. एवढं समाधान मिळायला काही वर्षं थांबावं लागलं, इतकंच.

आम्ही ते काम महिन्याभरात जावात पुन्हा लिहिलं. साठच्या साडेतीनशे ओळी झाल्या. वाचताना जांभई येत होती. पण रात्री दोन वाजता जांभई देत देत वाचता येतो, तोच कोड खरा उपयोगाचा, हे मला त्या महिन्यात कळलं. कौतुक करत करत वाचावा लागणारा कोड दिवसाढवळ्या ठीक.

दोष स्कालाचा होता का? अजिबात नाही. त्याच स्कालातून स्पार्क उभं राहिलं, काफ्काची सुरुवात झाली, आणि जगभरच्या डेटाच्या गिरण्या त्यांवर फिरताहेत. (त्या गिरण्यांतले बरेच लोक स्पार्क पायथॉनमधून वापरतात आणि आत स्काला आहे हे त्यांच्या गावीही नसतं, ती वेगळी शोकांतिका.) आमच्याकडे ती एकट्याला येत होती, दोष एवढाच. एकट्यालाच वाचता येणारी भाषा म्हणजे मोडीतला जुना दस्त. कागद खरा, मालकी खरी, शिक्काही खरा. फक्त वाचणारा गावाला गेलाय.

* * *

थोरलीच्या भक्तांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. त्यांच्या देवीनंही मला कमी रात्री जागवलेलं नाही.

तिचा जुना आजार म्हणजे नल. डब्याला लेबल 'साखर', उघडावं तर डबाच नाही. हा नल मुळात १९६५ साली टोनी होअर यांनी अल्गोल डब्ल्यू भाषेत घातला, कारण घालायला सोपा होता. पुढे २००९ मध्ये त्यांनीच भर सभेत त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. चूक कबूल करणारा माणूस मोठा. पण तोवर ती चूक थोरलीच्या माहेरच्या पेटीतून घरात आलेली होती.

ऑर्डरमधून ग्राहक, ग्राहकामधून पत्ता, पत्त्यामधून पिनकोड, हे सगळं एका ओळीत मागितलं आणि त्यातलं एक नसलं, की थोरली ओरडायची: नल पॉइंटर एक्सेप्शन, ओळ ८४. कोण नव्हतं? ऑर्डर, ग्राहक की पत्ता? ते तुम्ही शोधा. पोस्टमननं पाकिटावर 'परत' एवढंच लिहावं. माणूस नाही की घर नाही की गाव नाही, हे लिहू नये, तसं. नक्की काय रिकामं होतं हे त्याच ओळीत सांगायला तिनं २०२० सालची चौदावी आवृत्ती उजाडू दिली. पहिली आवृत्ती १९९६ ची. २४ वर्षं. पोस्टखातंसुद्धा इतकं थांबवत नाही.

कोटलिननं काय केलं? एक प्रश्नचिन्ह आणलं. डबा रिकामा असू शकत असेल तर लेबलवरच प्रश्नचिन्ह लावा. लावलं असेल तर विचारल्याशिवाय उघडू देणार नाही, प्रोग्राम चालायच्या आधीच कंपायलर अडवेल. कुणाकडे जायच्या आधी "घरी आहात ना?" असा फोन करावा, एवढीच रीत. पण त्या एका चिन्हानं जगातल्या किती इंजिनिअरांची झोप वाचली असेल, हे मोजायला आमच्या आर्किटेक्टच्या एक्सेलमध्ये ओळ नव्हती.

* * *

आता थोरलीचा खरा स्वभाव सांगतो. ती धाकट्यांशी भांडत नाही. त्यांच्या पाककृती उतरवून घेते.

स्काला आणि ग्रूव्हीवाले फंक्शन हातात हात दिल्यासारखं इकडून तिकडे देत होते आणि थोरलीला जुनाट म्हणत होते. २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीत तिनं लॅम्डा आणले. प्रत्येक वेळी प्रकाराचं लांबलचक नाव लिहावं लागतं म्हणून हसत होते. २०१८ मध्ये दहाव्या आवृत्तीत 'व्हार' आलं. स्कालाचे केस क्लास आणि कोटलिनचे डेटा क्लास लोकांना आवडतात म्हटल्यावर २०२१ मध्ये सोळाव्या आवृत्तीत रेकॉर्ड आले. एकविसाव्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, पॅटर्न मॅचिंग नीट बसलं आणि हजारो कामं एका वेळी अंगावर घेणारे व्हर्च्युअल थ्रेडही आले. आणि ती लग्नपत्रिका? २०२५ च्या पंचविसाव्या आवृत्तीत तीही कापून छोटी केली.

प्रत्येक पदार्थ दहा वर्षं उशिरा. मीठ थोडं कमी. पण पंगतीला सगळ्यांना पुरेल एवढा. धाकट्या म्हणतात, आमची नक्कल केली. बरोबरच आहे. पण त्यांनी हेही बघावं, की पदार्थ घराघरात गेला तो थोरलीच्या हातून. घरात नवं शिजवण्याचा मान एकीचा आणि ते रोजच्या जेवणात आणण्याचा दुसरीचा. दोन्ही मान खरे. भांडण होतं ते दुसरा मान पहिलीला हवा असतो म्हणून.

* * *

एक प्रश्न उरला: मग भाषा निवडतं कोण? खरं उत्तर कडू आहे. बहुतेक वेळा घरमालक.

गूगलनं २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आणला तेव्हा थोरलीला घेऊन वेगळं बिऱ्हाड केलं. भाषा जावा, पण सासू निराळी, डाल्विक नावाची. २०१० च्या सुरुवातीला ओरॅकलनं सन कंपनी विकत घेतली आणि त्याच ऑगस्टमध्ये गूगलला कोर्टात खेचलं. वाद गूगलनं उचललेल्या जावाच्या सुमारे ११,५०० ओळींचा होता. मागणी अब्जावधी डॉलर्सची. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ५ एप्रिल २०२१ रोजी सहा विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल दिला, गूगलच्या बाजूनं. जाऊबाईंच्या डब्यांवरची नावं वापरली म्हणून साडेदहा वर्षं कज्जा! आपल्याकडचे बांधावरचे दावे उगाच बदनाम आहेत.

हा कज्जा चालू असतानाच, मे २०१७ मध्ये, गूगलनं अँड्रॉइडसाठी कोटलिनला अधिकृत मान्यता दिली. २०१९ मध्ये जाहीर केलं, की यापुढे मान पहिला तिचा. कारणं भाषेच्या गुणांची सांगितली. गुण होतेच. बाकी, ज्या घरात थोरलीवरून कोर्टकचेरी चालू आहे त्या घरात धाकटीचे गुण अंमळ जास्त उठून दिसतात, हा माझा आपला घरगुती अनुभव. त्या घोषणेनंतर अँड्रॉइड शिकणाऱ्या मुलांना भाषा निवडायची मीटिंग घ्यावी लागली नाही. ती कॅलिफोर्नियात होऊन गेली होती.

शेजारच्या वाड्यातही हेच. मायक्रोसॉफ्टनं २००२ मध्ये डॉट नेट आणलं तेव्हा दारावर पाटी होती, इथे सर्व भाषांचं स्वागत आहे. आत गेलं की मुख्य पंगत सी शार्पची. ज्या व्हिज्युअल बेसिकवर आपल्याकडच्या किती दुकानांचे हिशेब आणि किती पतसंस्थांची खाती चालली, त्या भाषेत आता नवी भर पडणार नाही, असं २०२० मध्ये त्यांनीच कळवलं. घरातून काढलं नाही, फक्त नवं लुगडं मिळणार नाही.

तेव्हा 'आम्ही भाषा निवडतो' या भ्रमात फार राहू नये. घरमालक चाळीस टक्के ठरवतो, बाजार चाळीस टक्के. हे आकडे माझेच आहेत, एक्सेलमधून काढलेले, म्हणून अचूक. उरलेले वीस टक्के आपल्या हातात. त्या वीस टक्क्यांसाठी आपण तीन तास आणि दोन फेऱ्या समोसे खर्च केले.

* * *

टपरीवर त्या सहकारिणीला मी शेवटी विचारलं, "तुला कुठली चालेल?"

ती म्हणाली, "कुठलीही. पण टीममध्ये निदान तिघांना वाचता यायला हवी. आणि फोन येतो त्यांना तरी विचारा."

ऑफिसात परत येऊन मी रात्रपाळीच्या फोनची यादी उघडली. बिलिंगच्या कामासाठी तीन नावं आहेत. एक तिचं. दुसरं त्या नव्या मुलाचं. तिसरं टेस्टिंगमधल्या एकाचं, ज्याला मीटिंगचं बोलावणंच नव्हतं. तीन तासांत या तिघांचे मिळून किती शब्द झाले असतील? मला आठवतो तो एकच: "समोसा?" आर्किटेक्टचं नाव यादीत नाही. मॅनेजरचं नाही. माझंही नाही. वय झालं म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच काढून घेतलं. म्हणजे त्या खोलीत मीही एक दीरच होतो.

म्हणून या सदरातून आमच्या आणि तुमच्याही ऑफिसातल्या समस्त दिरांना एक विनंती. जावा घ्या, कोटलिन घ्या, स्काला घ्या, हौस असेल तर क्लोजर घ्या. सगळ्या खानदानी आहेत, सासूला सगळ्या चालतात. पण ज्यानं भाषा निवडली त्यानं पहिलं वर्षभर रात्रीचा फोन उचलायचा, एवढा एकच नियम करा. ज्या मीटिंगला तीन तास लागतात ती दहा मिनिटांत संपेल आणि डेव्हलपर हॅपिनेसला किती वेटेज द्यायचं, ते आपोआप कळेल.

हा नियम नको असेल तर दुसरा सोपा उपाय आहे. आमची पुढची मीटिंग येत्या गुरुवारी आहे. त्या तिघांनाच आत बसवा. समोसे आम्ही बाहेरून पाठवतो.